अंगण मिळालं, पाळणा राहिला

वरसाव्याच्या नाक्यावर घोडबंदरचा रस्ता मुंबई-अहमदाबाद महामार्गाला येऊन मिळतो आणि महामार्ग तसाच पुढे वसईची खाडी ओलांडून उत्तरेला निघतो. २०२३ मध्ये खाडीवर नवा पूल सुरू झाला, तरी वाहतूक कोंडीसाठी हे ठिकाण बदनामच आहे. दिवाळी सरली की या कोंडीत एक वेगळी वाहतूक मिसळते. भातकापणी आटोपून जव्हार, मोखाडा, विक्रमगडच्या पाड्यांवरून टेम्पो खाली उतरू लागतात. वर भांडी, गोधड्या, टोपलीत कोंबड्या आणि या साऱ्याच्या मधोमध अंग चोरून बसलेली पोरं. कुणी वसई-भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर जातं, कुणी ठाणे आणि मीरा-भाईंदरच्या बांधकामांवर. आखाजीनंतर, पावसाच्या तोंडावर, हीच माणसं याच वाटेने परत जातात.

कामावर दोघंही जातात, नवरा आणि बायको. मग पोराला दिवसभर कुणी सांभाळायचं? आणि सांभाळणाऱ्याला पैसे कुणी द्यायचे?

हा प्रश्न जुना आहे. ग्रामीण महाराष्ट्रात त्याचं सगळ्यांत धीट उत्तर शोधलं गेलं ते याच पट्ट्यात. त्याची सुरुवात वरसाव्याच्या अलीकडे बोरिवलीत झाली, खाडीपलीकडे शंभरेक किलोमीटरवर बोर्डीत ते रुजलं आणि कोसबाडच्या टेकडीवर वाढलं. पुढे सरकारने ते उचललं आणि देशभर नेलं. पण नेताना त्यातलं अर्धंच नेलं.

मुंबईच्या गिरण्यांत या प्रश्नाचा एक तोडगा आधीपासून रूढ होता. कोकणातून, घाटावरून आलेल्या कामगार बायका दहा दहा तास साच्यांपाशी, नाहीतर रिळांच्या खात्यात असत. तान्हं मूल चाळीच्या खोलीत शेजारणीच्या नाहीतर म्हातारीच्या भरवशावर. ते रडू नये म्हणून सकाळीच त्याला अफूची गोळी चाटवली जाई. १९२२ च्या सुमारास मुंबई सरकारसाठी डॉ. फ्लोरेन्स बार्न्स यांनी गिरणीत काम करणाऱ्या बायकांची पाहणी केली, तेव्हा ही चाल जवळजवळ सरसकट असल्याचं त्यांना दिसलं. मूल झोपून राही, आईचा खाडा पडत नसे. काही गिरण्यांनी पाळणाघरं काढली. स्वातंत्र्यानंतर १९४८ च्या कारखाने कायद्याने ती सक्तीची केली: पन्नासाहून अधिक बायका कामाला असतील तिथे सहा वर्षांखालच्या मुलांसाठी मालकाने खोली आणि बाई ठेवायची. १९७६ मध्ये हा आकडा तीसवर आणला गेला.

कारखान्याला फाटक असतं, हजेरीपट असतो, मालकाचं नाव पाटीवर असतं. शेताला यातलं काही नसतं. आवणीला वाकलेल्या बाईचं मूल बांधावरच्या झोळीत, नाहीतर सात-आठ वर्षांच्या बहिणीच्या कडेवर. त्या बहिणीची मजुरी कुठल्याच कायद्याने धरलेली नव्हती.

ते धीट उत्तर शोधणाऱ्या ताराबाई मोडक या प्रश्नाकडे आल्या त्या मात्र अगदी वेगळ्या वाटेने. १८९२ मध्ये मुंबईत प्रार्थनासमाजी केळकर कुटुंबात जन्म, पदवीपर्यंतचं शिक्षण, अमरावतीच्या वकिलाशी लग्न आणि नंतर विभक्त होणं, राजकोटच्या बार्टन फीमेल ट्रेनिंग कॉलेजचं प्राचार्यपद, हे सगळं तिशीच्या आसपास होऊन गेलेलं. १९२३ मध्ये त्या भावनगरला गिजुभाई बधेकांच्या दक्षिणामूर्ती संस्थेत दाखल झाल्या. मादाम मॉन्टेसरींची पद्धत भारतीय घरांत कशी बसवायची, याचा ध्यास या दोघांनी घेतला होता. १९२६ मध्ये त्यातून नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. ‘शिक्षणपत्रिका’ हे त्याचं मुखपत्र, आणि त्याच्या संपादनात ताराबाईंची वर्षं गेली. १९३६ मध्ये त्यांनी दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार सुरू केला. तो नावारूपाला आला. तिथे अध्यापक तयार होऊ लागले, मध्यमवर्गी आईबाप रांगा लावू लागले.

अडचण होती ती इथेच. मॉन्टेसरीची साधनं म्हणजे गुळगुळीत लाकडाची, मापात कापलेली, रंगवलेली. दट्ट्यांच्या पेट्या, गुलाबी मनोरा, खरखरीत अक्षरांच्या पाट्या. एक पूर्ण संच घ्यायचा तर शहरातल्या शाळेलाही विचार करावा लागे. खुद्द मॉन्टेसरींनी आपली पहिली शाळा १९०७ मध्ये रोमच्या सॅन लोरेंझो या गरीब वस्तीत, कामावर गेलेल्या मजुरांच्या मोकाट पोरांसाठी काढली होती. तीस वर्षांत तीच पद्धत जगभर पैसेवाल्यांची होऊन बसली होती. दादरमध्ये ताराबाईंना हे रोज डोळ्यांसमोर दिसत होतं. ज्या मुलांना बालशाळेची सर्वांत जास्त गरज, ती मुलं दादरपासून फार दूर होती.

खेड्याकडे जाण्यासाठी पैसा आणि माणसं लागणार होती. दोन्ही एकाच घटनेतून जुळून आली. १९४४ च्या फेब्रुवारीत आगाखान पॅलेसच्या बंदिवासात कस्तुरबा गांधी गेल्या. त्यांच्या स्मारकासाठी ७५ लाख रुपयांचा निधी उभारायचं ठरलं, लोकांनी त्याहून बरीच जास्त रक्कम दिली, आणि ती खेड्यांतल्या बायका-मुलांसाठीच खर्चायची असं गांधीजींनी ठरवून टाकलं. खेड्यातल्या बाईमुलांच्या नावाने एवढा मोठा सार्वजनिक निधी त्याआधी जमला नव्हता. या निधीतून ग्रामसेविका तयार करायची शिबिरं सुरू झाली. त्यातलं एक १९४५ मध्ये बोरिवलीला भरलं.

त्या शिबिरात पुण्याच्या हुजूरपागेतली पस्तीस वर्षांची एक शिक्षिका आली होती. अनुताई वाघ. जन्म १९१० चा, पुणे जिल्ह्यातल्या मोरगावचा. तेराव्या वर्षी लग्न, सहा महिन्यांत वैधव्य. पुढचं सगळं शिक्षण त्यांनी जिद्दीने, नोकरी सांभाळून केलेलं. ताराबाई शिबिरात बोलायला आल्या आणि आपल्या खेड्यातल्या प्रयोगासाठी सोबतीण हवी आहे, हे त्यांनी सांगितलं. अनुताई तयार झाल्या. हुजूरपागेची पक्की नोकरी सुटली, ती कायमचीच. पुढची सत्तेचाळीस वर्षं त्या याच कामात होत्या.

२४ डिसेंबर १९४५ रोजी बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू झालं.

ती वेळ लक्षात घेण्यासारखी आहे. बोर्डी हे समुद्रकाठचं, चिकूच्या वाड्यांचं, आचार्य भिसे यांच्या शाळेमुळे नाव झालेलं गाव. पण गावाच्या पाठीशी डहाणू-उंबरगावचा डोंगरपट्टा पेटलेला होता. त्याच वर्षी २३ मे रोजी झरीला वारल्यांची परिषद भरली आणि वेठबिगार करायची नाही, असा निर्धार झाला. गोदावरी आणि शामराव परुळेकर त्या लढ्याच्या अग्रभागी होते. पावसाळ्यानंतर गवतकापणीच्या मजुरीवरून संप झाला. १० ऑक्टोबरला तलवाड्यात पोलिसांनी जमावावर गोळीबार केला, त्यात पाच जण मेले. या भागात ‘लग्नगडी’ नावाची प्रथा होती. लग्नासाठी सावकाराकडून कर्ज काढलं की तो जन्माचा गडी व्हायचा, आणि त्याच्याबरोबर त्याची बायकोही राबायची. म्हणजे आईचा दिवस हा आईचा नव्हताच. तिच्या मुलाचा दिवस कुणाचा, हे विचारायला कोण बसलं होतं?

लाल बावट्याने मजुरीचा आणि मानाचा प्रश्न हाती घेतला होता. अडीच महिन्यांनी त्याच तालुक्यांच्या तोंडाशी दोन बायका पोरांचा प्रश्न घेऊन बसल्या. राजकारण वेगळं, भाषा वेगळी, पण माणसं एकच.

जगात त्याच सुमाराला उलटी चाल चालू होती, हाही योगायोगच. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धात लष्करी कारखान्यांत बायकांची गरज लागली, तेव्हा लॅनहॅम कायद्याखाली केंद्र सरकारने पाळणाघरांवर पैसा ओतला होता. आईने दिवसाला पन्नास सेंट द्यायचे, उरलेला खर्च सरकारचा. युद्ध संपलं, पुरुष परतले आणि १९४६ च्या सुरुवातीलाच तो पैसा आटला. सरकारला पाळणाघर परवडतं की नाही हे तिजोरीवर कमी आणि आईच्या कामाची निकड कुणाला आहे यावर जास्त ठरतं, याचा हा दाखला.

बोर्डीत निकड फक्त आईलाच होती. तिलाही ती बोलून दाखवायची सवय नव्हती.

बालवाडी उघडली, पण मुलं येईनात. आली तर उपाशी, न्हाऊमाखू न घातलेली, खरजेने खाजवत असलेली. अनुताई सकाळी वस्तीत जायच्या, घरोघरी हाका मारायच्या, मुलांना अंघोळी घालायच्या, नखं कापायच्या, केस विंचरायच्या आणि हात धरून घेऊन यायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. गावातल्या सवर्णांना हरिजन वस्तीतली आणि आदिवासींची मुलं आपल्या मुलांशेजारी बसणं रुचत नव्हतं. आदिवासी आईबापांना हे काय चाललंय याचा थांग लागत नव्हता. मुलगा गुरामागे नाही गेला तर गुरं कोण राखणार, आणि मुलगी घरी नसेल तर तान्ह्याला कोण घेणार, हा त्यांचा साधा हिशोब.

तेव्हा ताराबाईंनी हिशोबच उलटा मांडला. मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाच्या दारात न्यायची. पाड्यावर कुणाचं तरी सारवलेलं अंगण असतंच. तिथेच जमायचं, तिथेच गाणी, गोष्टी, तिथेच हातपाय धुणं. गावात एक मध्यवर्ती बालवाडी असेल, आणि पाड्यापाड्यांवर अशा अंगणातल्या वाड्या असतील. त्या प्रयोगातून ‘अंगणवाडी’ हा शब्द आला. आज तो शब्द देशातल्या प्रत्येक भाषेत आहे आणि तो मराठी आहे, हे मराठी माणसालाही फारसं आठवत नाही.

अंगणाला भाडं नव्हतं. साधनांनाही पैसे पडू द्यायचे नाहीत, असं दोघींनी ठरवलं. समुद्र जवळ होता, तेव्हा शंख-शिंपले आले. ओढ्यातले गोटे, चिंचोके, गुंजा, बांबूच्या कांड्या, ताडाच्या झावळ्या, झाडांची पानं, मातीचे गोळे आले. लहान-मोठं, जड-हलकं, खरखरीत-मऊ, एक-दोन-तीन हे सगळं त्यातून शिकवता येत होतं. मॉन्टेसरींचं तत्त्व ठेवून पेटी टाकून दिली. दादरच्या संचाच्या किमतीत अशा किती अंगणवाड्या चालल्या असत्या, याचा अंदाज वाचकाने करावा.

हा स्वस्तपणा हे ताराबाईंचं मोठं कर्तृत्व. त्याची वेगळी किंमत पुढे चुकवावी लागणार होती, ती मात्र त्यांनी चुकवायची नव्हती.

१९५० च्या दशकाच्या उत्तरार्धात काम बोर्डीहून कोसबाडच्या टेकडीवर गेलं. घोलवड आणि डहाणूच्या मधली ही टेकडी. गोखले एज्युकेशन सोसायटीची शेतकी संस्था तिथे आधीपासून होती. भोवती वारल्यांचे पाडे विखुरलेले. इथे प्रश्न आणखी उघडा पडला. गुरं राखणारी मुलं पाड्यावरही सापडत नव्हती, कारण ती दिवसभर रानात असत. मग शाळा कुरणात गेली. गुरं चरताहेत, मुलं झाडाखाली बसली आहेत, मास्तर झोळीतून पाटी आणि गोष्टींची पुस्तकं काढतो आहे. ही ‘कुरणशाळा’.

आणि मुली? मुली शाळेत येत, पण कडेवर भावंड घेऊन. भावंड रडलं की मुलगी उठून बाहेर. ते झोपलं की परत. वर्षभर असं करून ती काय शिकणार? कोसबाडला याचं उत्तर ‘विकासवाडी’ या नावाने दिलं गेलं. एकाच आवारात पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा. मोठी बहीण येते, तान्ह्याला पाळणाघरात ठेवते, मधल्या भावाला बालवाडीत सोडते आणि आपल्या वर्गात जाऊन बसते. मधल्या सुट्टीत तिघं भेटतात. आई तिकडे शेतावर निर्धास्त.

या मांडणीत एक गोष्ट स्पष्ट कळत होती. पाळणाघर ही बालवाडीच्या जोडीला दिलेली चैन नाही. पाळणाघर नसेल तर बालवाडी आणि शाळा या दोन्हींच्या पटावरून मुलगी गळते. तीन खोल्या वेगळ्या केल्या तर तिन्ही निकामी. शिवाय विकासवाडी चालायची ती आईच्या दिवसाच्या मापाने.

ताराबाईंना १९६२ मध्ये पद्मभूषण मिळालं. ३१ ऑगस्ट १९७३ ला त्या गेल्या. कोसबाडची धुरा अनुताईंकडे आली. १९८५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, १९९२ मध्ये त्याही गेल्या.

दिल्लीत या काळात सरकार खेड्यातल्या मुलांकडे वळत होतं, पण चाचपडत. १९५३ मध्ये दुर्गाबाई देशमुखांच्या अध्यक्षतेखाली केंद्रीय समाजकल्याण मंडळ स्थापन झालं. त्याने पुढच्याच वर्षापासून गावांचे गट करून बालवाड्या काढायला मदत दिली. पैसा मंडळाकडून, काम स्थानिक संस्थेकडून, असा हा संसार. संस्था बळकट असेल तिथे बालवाडी चाले, नसेल तिथे पाटी उरे. १९७२ मध्ये मीना स्वामिनाथन यांच्या अभ्यासगटाने शाळापूर्व वयाच्या मुलांविषयी अहवाल दिला आणि आहार, आरोग्य, शिक्षण यांची एकत्र सांगड घालायला हवी, असं ठामपणे मांडलं. १९७४ च्या ऑगस्टमध्ये राष्ट्रीय बालधोरण जाहीर झालं. त्या पाठोपाठ २ ऑक्टोबर १९७५ ला एकात्मिक बालविकास सेवा योजना आली. ३३ प्रकल्प, त्यातले १८ ग्रामीण, ११ आदिवासी, ४ शहरी झोपडपट्ट्यांचे. महाराष्ट्रात मेळघाटातलं धारणी आणि मुंबईतलं धारावी. केंद्राचं नाव ठेवलं अंगणवाडी.

योजनेच्या सेवा सहा: पूरक आहार, लसीकरण, आरोग्य तपासणी, रुग्णाला पुढे दवाखान्यात पाठवणं, आहार-आरोग्याचं शिक्षण आणि शाळापूर्व शिक्षण. मूल सांभाळणं हे या सहांत नव्हतं. अंगणवाडी सकाळी चार-पाच तास. तीन वर्षांखालच्या मुलाला पाकीट घरी द्यायचं, त्याला दिवसभर ठेवून घ्यायचं नाही. पाळणाघरांसाठी त्याच सुमारास वेगळी योजना काढली, ‘कामकरी आणि आजारी मातांच्या मुलांसाठी’. ती स्वयंसेवी संस्थांच्या खांद्यावर ठेवून दिली. कोसबाडला एका आवारात असलेल्या खोल्या दिल्लीच्या फायलीत अशा दोन खात्यांत पडल्या. एका खोलीला केंद्राचा मोठा निधी, दुसरीला खिरापत.

ज्या बाईने हे सगळं चालवायचं तिला पगार नव्हता, मानधन होतं. १९७५ मध्ये मॅट्रिक झालेल्या सेविकेला महिना १५० रुपये, न झालेलीला १००, मदतनिशीला ३५. गावातली बाई चार तास गावासाठी देते, ही समाजसेवा, असा त्यामागचा युक्तिवाद. ताराबाई-अनुताईंनी स्वतःहून पत्करलेलं साधेपण आणि शिंपल्यांवर चालवलेली शाळा आता सरकारी नियम झाली होती. अंगण फुकट होतं, म्हणून अंगणातली बाईही जवळजवळ फुकट धरली गेली.

या पट्ट्यात सरकारी हिशोबातली भोकं १९९२ मध्ये सगळ्या महाराष्ट्राने पाहिली. जव्हार तालुक्यातल्या वावर-वांगणीत कुपोषणाने आणि साथीने शंभरावर मुलं दगावली. तेव्हाच्या ठाणे जिल्ह्याचं ते टोक, मुंबईपासून काही तासांवर. मुख्यमंत्री सुधाकरराव नाईकांच्या सरकारला धावत जावं लागलं. पुढे मेळघाटातल्या मुलांची नावं आली. समित्या नेमल्या गेल्या, पथकं गेली, योजना आल्या. पण पाड्यावरच्या मुलाला दुपारी दुसऱ्यांदा भरवायला माणूस नव्हतं, ही गोष्ट औषधाने भरून निघणारी नव्हती. दोन-अडीच वर्षांचं मूल एका वेळी मूठभर खातं, त्याला दिवसातून पाच-सहा वेळा द्यावं लागतं. आई रानात असेल तर कोण देणार?

देशभरात अंगणवाड्या वाढल्या त्या न्यायालयाच्या रेट्याने. राजस्थानातल्या दुष्काळात गोदामं भरलेली असताना माणसं उपाशी आहेत म्हणून पीयूसीएल या नागरी हक्क संघटनेने २००१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात याचिका केली. अन्नाच्या हक्काचा तो खटला. १३ डिसेंबर २००६ च्या आदेशात न्यायालयाने देशात १४ लाख अंगणवाड्या हव्यात आणि ज्या वस्तीत चाळीस लहान मुलं आहेत तिने मागणी केली तर तिला ती द्यायलाच हवी, असं बजावलं. महाराष्ट्रात आज मंजूर अंगणवाड्यांचा आकडा १ लाख १० हजारांवर आहे. पुरवठ्यातून ठेकेदार हटवून बचत गटांना काम द्या, हेही न्यायालयाने २००४ मध्ये सांगितलं होतं. एका मुलाच्या पूरक आहारासाठी २०१७ मध्ये दिवसाला ८ रुपये धरले गेले, तीव्र कुपोषित मुलासाठी १२.

बाईचं काय? डिसेंबर २००६ मध्येच, एका वेगळ्या खटल्यात, सर्वोच्च न्यायालयाने सेविका हे सरकारी पद नाही, असा निर्वाळा दिला. मग संघटनांनी मोर्चे काढले. महाराष्ट्रात २०१७ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मोठा संप झाला. २०२२ च्या एप्रिलमध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेविका-मदतनिसांना ग्रॅच्युइटी मिळायला हवी, असा निकाल दिला आणि त्यांचं काम अर्धवेळ नाही, हे मान्य केलं. २०२३ च्या राज्य अर्थसंकल्पात सेविकेचं मानधन ८,३२५ वरून १०,००० रुपये झालं, मदतनिशीचं ५,५०० झालं. तरी ४ डिसेंबर २०२३ पासून सेविका पुन्हा संपावर गेल्या. तो संप पन्नास दिवसांवर चालला. संपात अंगणवाडीला कुलूप लागतं तेव्हा त्याची झळ कुणाला बसते, हे सेविकांनाही ठाऊक असतं. त्यांचीही पोरं गावातच असतात.

पाळणाघरांची गोष्ट याहून वेगळी झाली. १९८८ मध्ये इला भट्ट यांच्या आयोगाने ‘श्रमशक्ती’ अहवालात असंघटित कामकरी बाईला मूल सांभाळण्याची सोय ही मूलभूत गरज मानली. २००६ मध्ये जुन्या योजनेची राजीव गांधी राष्ट्रीय पाळणाघर योजना झाली. एका पाळणाघरात पंचवीस मुलं, दिवसभर. दारिद्र्यरेषेखालच्या घराकडून महिना २० रुपये, बाकीच्यांकडून त्याहून जास्त. कागदावर हे परवडणारं होतं. पण २०१७ मध्ये खर्चाची वाटणी बदलली: केंद्र ६० टक्के, राज्य ३०, संस्था १०. राज्यांनी आपला वाटा टाकायला वेळ लावला, संस्थांना दहा टक्के जमेना. देशात एके काळी २३ हजारांच्या आसपास असलेली ही पाळणाघरं २०२० च्या मार्चमध्ये ६,४५३ उरली होती. काही वर्षांत एका सार्वजनिक सेवेचा एवढा भाग शांतपणे नाहीसा झाला आणि त्यावर फारसे मोर्चे निघाले नाहीत, कारण मोर्चा काढणारी आई कामावर होती.

रोजगार हमीच्या कामावर पाच किंवा जास्त लहान मुलं असतील तर एका बाईला ती सांभाळायला नेमायचं आणि तिलाही मजुरी द्यायची, अशी तरतूद २००५ च्या केंद्रीय कायद्याने केली. कामाच्या मापात माती मोजली जाते. सांभाळलेलं मूल क्वचितच मोजलं जातं.

हे सगळं वरसाव्याच्या नाक्यावरून जाणाऱ्या टेम्पोला लागू होतं का? हा प्रश्न या पट्ट्यात काम करणाऱ्यांनी १९९० च्या दशकातच विचारला. विवेक आणि विद्युल्लता पंडित यांच्या विधायक संसदेने आणि श्रमजीवी संघटनेने वसई, भिवंडीच्या वीटभट्ट्यांवर ‘भोंगा शाळा’ काढल्या. भोंगा म्हणजे भट्टीवर मजुरांनी विटा आणि पाचोळा रचून केलेली तात्पुरती झोपडी. शाळाही तशीच, भट्टी विझली की मोडणारी. कुरणशाळेचीच ही पुढची पिढी म्हणायला हरकत नाही: मूल जिथे आहे तिथे शाळा. हातात घेतलेल्या बयाण्यापोटी आईबाप मध्यरात्री उठून विटा पाडायला बसतात. हजारी विटांवर मजुरी असल्यामुळे मोठी मुलंही माती कालवायला, विटा उलथायला लागतात. भोंगा शाळेत थोरली बहीण येते तेव्हा धाकटं कडेवर असतंच, अगदी कोसबाडसारखं.

दिल्लीत मीरा महादेवन यांनी १९६९ मध्ये गांधी जन्मशताब्दीच्या प्रदर्शनाच्या बांधकामावर मजूर बायकांची पोरं उन्हात पडलेली पाहिली आणि तंबूत पाळणाघर सुरू केलं. त्यातून मोबाइल क्रेशेस ही संस्था उभी राहिली आणि काही वर्षांत मुंबईच्या बांधकामांवरही पोचली. इमारत पूर्ण झाली की पाळणाघर पुढच्या इमारतीकडे. बांधकाम मजुरांसाठीच्या १९९६ च्या कायद्याने पन्नासाहून अधिक स्त्री कामगार असतील तिथे पाळणाघर बंधनकारक केलं. मग पन्नासाचा आकडा ठेकेदारांच्या याद्यांत विभागला गेला.

२०२२ मध्ये केंद्र सरकारने मिशन शक्तीखाली ‘पाळणा’ योजना आणली. तिच्यात सगळ्यांत महत्त्वाचा शब्द आहे ‘अंगणवाडी-सह-पाळणाघर’. सहा महिने ते सहा वर्षांची मुलं, महिन्याला २६ दिवस, दिवसाला साडेसात तास. देशात अशी १७ हजार केंद्रं करायचं ठरलं. महाराष्ट्रात २०२५ मध्ये पहिल्या टप्प्यात ३४५ केंद्रांना मान्यता मिळाली. विकासवाडीतल्या वेगळ्या पडलेल्या दोन खोल्या साठेक वर्षांनी पुन्हा एका छपराखाली आणायला निघालेलं हे पाऊल आहे. फक्त १ लाख १० हजारांपुढे ३४५.

फिरत्या मजुरांच्या मुलांसाठी राज्य सरकारने २०२२ च्याच सुमारास स्थलांतराची नोंद ठेवणारी प्रणालीही सुरू केली. सेविका पाड्यावरून निघणाऱ्या कुटुंबाचं नाव मोबाइलवर टाकते, म्हणजे ते जिथे पोचेल तिथल्या अंगणवाडीला कळावं. नाव खाडीपलीकडून अलीकडे येतं. मूल त्याच दिवशी येऊन पोचलेलं असतं.

कोसबाडच्या टेकडीवर संस्था अजून आहे. डिसेंबरात, बोर्डीच्या केंद्राचा वाढदिवस येतो त्याच दिवसांत, पाडे रिकामे होऊ लागतात. वरसाव्याचा पूल ओलांडून टेम्पो बांधकामापाशी थांबतो. आई खाली उतरून भांडी घेते, बाप गोधड्या उतरवतो, आणि सात-आठ वर्षांची मुलगी धाकट्याला कडेवर घेऊन बाजूला उभी राहते.